विहिरीवरचा तवंग

परभणीच्या भीमनगरात कुसुमबाई वाव्हळ दारात ज्वारी पाखडत बसल्या होत्या, तेव्हा एक बाई उंबऱ्यापाशी येऊन थांबली. डोक्यावर पदर, पायांत धुळीनं माखलेल्या वहाणा, आणि आत यावं की येऊ नये हे सगळं तोंडावर लिहिलेलं.

"या आत," कुसुमबाई म्हणाल्या. "उंबरा चावत न्हाई."

दारावर पत्र्याची पाटी होती: 'खासगी तपास. सकाळी दहानंतर.' ती त्यांच्या दिरानं, दत्तरावांनी, पोस्टातून रिटायर झाल्यावर हौसेनं रंगवलेली. कुसुमबाई स्वतः चार इयत्ता शिकलेल्या. नवरा पोलीस जमादार होता, आणि त्याच्या तपासांमागचं निम्मं डोकं बायकोचं होतं. ही गोष्ट अख्ख्या खात्याला ठाऊक होती, जमादाराला तेवढी कधी मान्य झाली नाही. तो गेला तरी लोक अजून यांना जमादारीणबाईच म्हणत.

दत्तरावांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. बाईनं तांब्याकडं पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"प्या. नगरपालिकेच्या नळाचं हाय," कुसुमबाई सूप आपटत म्हणाल्या. "ते कुणाच्याच घरी जात इचारून येत न्हाई."

बाईनं तांब्या उचलला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

तिचं नाव पार्वतीबाई. सेलू-वालूर रस्त्यावरच्या हिंगळवाडीची. नवरा सटवाजी, गावाबाहेरच्या डिझेल पंपावर राखणदार.

"आमच्या गावात तुमच्या लोकांच्या वस्तीची हीर हाय. दसरा झाला आन् तिच्या पाण्याला डिझेलचा वास मारायलाय. वस्तीतल्या मास्तरानं फिर्याद दिली. पंपाचा मॅनेजर बन्सीधर, त्यानं जबानी दिली की सटवाजीला दिवेलागणीला डबा घेऊन त्या हिरीवर जाताना दोन-तीनदा पाहिलं. धरून नेलं हो माणसाला! उद्या कोर्टात उभा करणार."

"डबा घेऊन गेला होता का न्हाई?"

"त्यो काहीच बोलंना. मी टाकलं न्हाई, एवढंच म्हणतोय."

"तुमच्या गावचे बागायतदार आबासाहेब मोठं प्रस्थ. त्यांच्याकडं न जाता माझ्याकडं कशाला?"

पार्वतीबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आबासाहेब सोडवतील, पर डाग ऱ्हाईलच. तुमच्यातल्या माणसानं सांगितलं की यानं केलं न्हाई, तर लोक मानतील."

कुसुमबाईंना हे बोलणं आवडलं. तसं त्यांनी अर्थातच दाखवलं नाही.

"आन् त्यानंच केलं असं निघालं तर?"

"तर मग..." पार्वतीबाई थांबली. "तर तुमीच सांगा कोर्टात. मी आडवी येणार न्हाई."

"भाऊजी," कुसुमबाई उठल्या, "पायताण घाला. सेलूची गाडी धरू."

*

गाडीत दत्तरावांच्या डोक्यात जुनंच घोळत होतं. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत हिंगळवाडीच्या वस्तीच्या विहिरीत रॉकेल ओतलं होतं, ही गोष्ट जिल्ह्यात सर्वांना ठाऊक होती. विद्यापीठाच्या नावावरून माणसं पेटली होती आणि पहिली झळ पाण्याला लागली होती. त्या वेळी आबासाहेबांच्या माणसांची नावं घेतली गेली, पण साक्षीला कुणी उभं राहिलं नाही. आता आठ वर्षांनी पुन्हा तीच विहीर. दत्तरावांच्या मते गुन्हेगार उघड होता. सटवाजी हा नुसता हात, डोकं आबासाहेबांचं.

"वैनी, आपण त्याला सोडवायला चाललोय हे काही मला पटंना."

"सोडवायला कोण चाललंय? बघायला चाललोय. सोडवायचं का अडकवायचं ते बघितल्यावर."

सेलूच्या ठाण्यावर फौजदार तरुण होता, पण जमादाराचं नाव ऐकून होता. त्यानं सटवाजीला अंगणात आणवलं. पन्नाशीचा काटक माणूस, मान खाली.

"डब्यात काय होतं?" कुसुमबाईंनी विचारलं.

"मी डिझेल टाकलं न्हाई, बाई."

"ते न्हाई इचारलं. डब्यात काय होतं?"

सटवाजीनं ओठ घट्ट मिटले. बायको कोपऱ्यात रडत होती, तिच्याकडंही त्यानं पाहिलं नाही.

"बरं, ऱ्हाऊ द्या. घसा सुकलाय माझा. त्या आडाचं पाणी काढून द्या."

हवालदारानं मान डोलावली. ठाण्याच्या आडावर लिंबाचा पाला पडला होता. सटवाजीनं पोहरा सोडला, पाण्यावर दोनदा आपटला, वरचा कचरा कडेला सारला आणि मग पोहरा खोल बुडवून वर ओढला. पाणी ओंजळीत धरून पाहिलं आणि मगच तांब्यात ओतलं.

"निगुतीचा माणूस," दत्तराव पुटपुटले.

"लयच निगुतीचा," कुसुमबाई म्हणाल्या आणि एका दमात पाणी प्यायल्या.

*

हिंगळवाडीच्या फाट्यावर उतरल्या उतरल्या ओढ्याच्या बाजूला उतरावर वस्ती दिसली. नागनाथ मास्तर विहिरीवरच भेटले. तिशीचा, चष्मा लावणारा माणूस. रागानं बोलताना त्याचा आवाज उलट हळू होई.

"जयभीम, बाई. तुमी आमच्या बाजूनं आलात का त्याच्या?"

"पाण्याच्या बाजूनं आलेय. दाखवा."

पावसाळा सरून फार दिवस झाले नव्हते. विहिरी तुडुंब भरल्या होत्या. वस्तीची तर वाकलं की पाण्याला हात लागेल अशी. पाण्यावर मात्र मोरपिसासारखे रंग फिरत होते. बघायला सुंदर, आणि वास असा की डोकं चढावं.

"आता उतरलाय," मास्तर म्हणाले. "दर आठवड्याला चढतो आन् उतरतो. सेलूच्या बाजाराच्या सुमाराला जोर, मग हळूहळू कमी. म्हणजे ओतणारा दर बाजाराला ओततोय. दुसरं काय?"

"पंपाच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात. त्यातून न्हाई ना झिरपत?"

"माझ्याबी डोक्यात तेच आलं. टाकीशेजारी कंपनीनं एक नळी पुरलीय, वीतभर तोंडाची. त्यात जमिनीतलं पाणी येतं. ते काढून बघायचं, डिझेल आलं तर टाकी गळकी. मी सोता जाऊन उभा ऱ्हायलो. दोनदा. बन्सीधरनं सटवाजीला काढायला लावलं. बाटली काचेसारखी लख्ख! वासबी न्हाई. आन् आबासाहेबांची हीर पंपाला आमच्यापेक्षा जवळ. तिला काहीच कसं होत न्हाई?"

दत्तरावांना हे बिनतोड वाटलं. जवळची विहीर चांगली आणि लांबची नासली, म्हणजे डिझेल जमिनीतून नाही, माणसाच्या हातानं आलं.

"गावात दुसरं पाणी न्हाई का?" कुसुमबाईंनी विचारलं.

"हाय की. पर वरल्या अंगाच्या साऱ्या हिरी मचूळ. डाळ घंटाभर उकळली तरी दाणा दाण्यापासून हलत न्हाई. आमची एवढी एकच हीर गोड. आमच्या आज्यानं सोता खांदली," मास्तरांचा आवाज आणखी हळू झाला. "म्हणून तर लोकांच्या डोळ्यांत खुपती."

*

वस्तीपासून पंपाकडं जायचं तर चांगलाच चढ होता. कुसुमबाई अर्ध्यात थांबल्या, कमरेवर हात ठेवून मागं बघितलं, मग पुढं बघितलं आणि पुन्हा चालू लागल्या. दत्तरावांना वाटलं, वैनी थकल्या.

पंपाच्या थोडं पुढं एक ट्रक बंद पडला होता. ड्रायव्हर बॉनेट उघडून फिल्टरची वाटी मोकळी करत होता आणि कुणाच्या तरी सात पिढ्यांचं नाव घेत होता.

"काय झालं, बाबा?"

"पाणी! डिझेलमधे पाणी, मावशी! इथंच भरलं सकाळी. मॅनेजर म्हणतोय तुझ्याच टाकीत पावसाचं शिरलं असंल. पाऊस कुठाय आता?"

पंपाच्या वरल्या बाजूला आबासाहेबांचं शेत. आबासाहेब विहिरीच्या काठावर ट्रॅक्टरच्या सावलीत बसले होते. भरघोस पांढऱ्या मिशा, कडक धोतर. त्यांनी कुसुमबाईंना बसा म्हटलं नाही. कुसुमबाईंनी त्याची वाट पाहिली नाही. त्या सरळ विहिरीच्या कठड्यावर बसल्या.

"सटवाजी माझा माणूस न्हाई, पंपाचा माणूस हाय," आबासाहेब म्हणाले. "आन् अठ्ठ्याहत्तरचं काढणार असाल तर ते जुनं झालं."

"तुमच्यासाठी जुनं. ज्यांनी ते पाणी उपसलं त्यांना इचारा जुनं का ते."

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"सटवाजी माणूस कसा?"

"गरीब. देवभोळा. बायको मात्र फर्मास सुगरण. भादव्यात त्यांच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलावलं होतं. पुरण काय झालं होतं! लोण्यासारखं. सवाशिणी तर सोडाच, मीच दोनदा मागून घेतलं."

"ती पाणी कुठलं वापरती?"

"माझ्याच हिरीचं. गल्ली माझ्या हिरीवरच हाय सगळी."

कुसुमबाईंनी आबासाहेबांच्या विहिरीत वाकून पाहिलं. तवंग नाही, वास नाही.

"बन्सीधर मॅनेजर कसा माणूस?"

"लय भला. माझ्यासारख्याची फिकीर करतो. म्हणतो, आबासाहेब, ट्रॅक्टरला डिझेल टँकर आल्यावरच न्यायचं. टाकी सरत आली की घेऊ नका. टँकर येतोय बाजाराच्या आदल्या दिवशी, मग आमी त्याच दिवशी ड्रम भरून घेतो."

"तुमचा ड्रायव्हर काही म्हणत न्हाई?"

"तो कुरकुर करतो. म्हणे टँकर ओतल्यावर टाकीचा गाळ ढवळतो, तेव्हा घेऊ नये. ड्रायव्हर लोकांचं काय ऐकायचं?"

"खरं हाय," कुसुमबाई म्हणाल्या. "ड्रायव्हर लोकांचं ऐकायला लागलं तर मॅनेजर लोकांनी काय करायचं?"

आबासाहेबांना हा टोमणा वाटला, पण कुणाला मारला ते कळेना.

*

बन्सीधर टेबलामागं बसला होता. तेल लावून मागं वळवलेले केस, खिशाला दोन पेनं. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं काही दाखवलं. टाकीच्या तोंडाचं झाकण उघडून पितळी मोजपट्टीची लांब दांडी आत सोडली, वर काढली, ओल्या खुणेवर बोट ठेवलं.

"बघा. टाकी तळाला आलीय, टँकर उद्या. रोज सकाळी मोजतो. विक्री वजा करतो. कधी थोडं कमी भरतं, कधी थोडं जास्त, पर शेवटी जुळतंय. थेंब गळत न्हाई."

"दांडीला लावायला कंपनी कसला लेप देती म्हणं? पाण्यात रंग बदलणारा?"

बन्सीधरची नजर क्षणभर कपाटाकडं गेली. "संपलाय. मागवलाय."

"टाकी पुरली तेव्हा तुमीच होता?"

"मीच. मालक परभणीला असतात. खड्डा खांदण्यापासून सगळी जिम्मेदारी माझी."

"आन् सटवाजीला डबा घेऊन जाताना तुमीच पाहिलं."

"बाई, मला काय त्याच्याशी वैर हाय? पाहिलं ते सांगितलं. आमच्याच पंपावरचा ऑइलचा रिकामा डबा. दोन-तीनदा."

"रिकामा?"

"म्हणजे... ऑइलचा मोकळा झालेला. त्यात डिझेल असणार."

"जाताना जड होता का येताना?"

बन्सीधर हसला. "अंधार पडत होता."

बाहेर आल्यावर कुसुमबाई फाट्यावरच्या दुकानात शिरल्या. दिवाळीचा माल आला होता. पणत्या, लाह्या, बत्तासे. त्यांनी पुडीभर बत्तासे घेतले.

"वैनी, दिवाळीला अजून वेळ हाय."

"तुमी पुढच्या गाडीनं सेलूला जा. फौजदारांना म्हणावं, सटवाजीला घेऊन ऊन उतरायच्या आत पंपावर या. कोर्ट उद्या हाय, मी आज सांगते." दत्तरावांचा हात पुडीत गेलेला बघून त्यांनी पुडी मागं ओढली. "खाऊ नका, भाऊजी. ते पुरावा हायत."

*

ऊन कलताना पंपावर माणसं जमली. फौजदार जीपमधून उतरले, मागून सटवाजी. एका बाजूला नागनाथ मास्तर आणि वस्तीची माणसं, दुसऱ्या बाजूला आबासाहेब आणि वरल्या गल्लीची. मधे पार्वतीबाई, कुठल्या बाजूला उभं राहावं ते न कळून.

कुसुमबाईंनी दोन पेले टेबलावर ठेवले. एकात पाणी, दुसऱ्यात पंपाचं डिझेल. दोन्हींत एकेक बत्तासा टाकला. पाण्यातला बघता बघता विरघळला. डिझेलमधला तसाच गोल, टणक.

"हे पोरासोरांनाबी कळतंय. साखर पाण्यात विरती, डिझेलमधे विरत न्हाई. आता बघा."

त्यांनी एक बत्तासा पातळ फडक्यात बांधला, मोजपट्टीच्या दांडीच्या टोकाला करकचून आवळला आणि दांडी फौजदारांच्या हातात दिली. "तुमीच सोडा, साहेब. तळाला टेकवा आन् धरून ऱ्हा."

फौजदारांनी दांडी आत सोडली. थोड्या वेळानं त्यांनी ती वर काढली आणि फडकं सोडलं. आत काहीच नव्हतं.

"टाकीच्या बुडाला पाणी हाय," कुसुमबाई म्हणाल्या. "पावसाळा संपला, टाकीचं झाकण घट्ट. मग आत पाणी आलं कुठून?"

"ढाकणातून..." बन्सीधरनं सुरुवात केली.

"थांबा. तुमची पाळी येतीय." त्या लोकांकडं वळल्या. "टाकीला बुडाशी भोक हाय. बाहेर जमिनीत पाणी वर आलंय, हिरी बघा कशा भरल्यात. टँकर येतो, टाकी काठोकाठ भरती, आतला भार जास्त. मग डिझेल बाहेर जातं. टाकी उतरती, बाहेरच्या पाण्याचा भार जास्त, मग पाणी आत येतं. गेलं तेवढं डिझेल, आलं तेवढं पाणी. दांडीला ओली खूण दिसती, ओलं कशानं ते कळत न्हाई. म्हणून हिशेब कधी कमी, कधी जास्त, शेवटी जुळतोय."

नागनाथ मास्तर पुढं आले. "म्हणजे बाजाराच्या सुमाराला वास चढतो तो..."

"बाजारानं न्हाई. आदल्या दिवशीच्या टँकरनं. आन् टाकी सरत आली की ट्रक बंद पडतात, पाणी ओढून."

"पर आबासाहेबांची हीर जवळ हाय की हो, बाई!"

"मास्तर, तुमी अंतर मोजलं. मी माझ्या गुडघ्यांनी चढ मोजला. आबासाहेबांची हीर पंपाच्या वर, तुमची खाली. पाणी काय शेजार बघून चालतं? उतार बघून चालतं."

दत्तरावांना आता कळलं की वैनी अर्ध्या वाटेत कशासाठी थांबल्या होत्या. पण एक गोष्ट त्यांना अजून सुटेना, आणि ती त्यांनी बोलून दाखवली. "मग तपासणीच्या नळीतलं पाणी लख्ख कसं? मास्तरांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"सटवाजी, नळीतलं पाणी काढा. नेहमी काढता तसं."

सटवाजीनं दोरीला बांधलेली पितळी डबी नळीत सोडली. आत टप् टप् असा दोनदा आवाज झाला. मग दोरी खाली खाली गेली. वर आलं ते पाणी स्वच्छ होतं.

"डबी आपटली का?"

"वरची घाण बाजूला सारायला." सटवाजी गोंधळला. "मास्तर बघायला आले होते, पाहुण्यासमोर घाण पाणी कसं काढायचं?"

"ऐका! डिझेल पाण्यावर तरंगतं. जे बघायचं होतं ते यानं दर खेपेला अदबीनं कडेला सारलं आन् खालचं पाणी वर आणलं. ठाण्यावर माझ्यासाठीबी असंच काढलं. आपण समदेच असं काढतो, आपल्या आयांनी शिकवलंय. यानं खोटं केलं न्हाई. चांगल्या वळणानं केलं आन् त्याच वळणानं सोता गोत्यात आला. नळी लख्ख निघाली, मग डिझेल माणसानंच टाकलं असं ठरलं." त्यांनी डबी घेतली, न आपटता अलगद पाण्याच्या पाठीवर टेकवली आणि तिरकी करून वर ओढली. डबी अर्धी डिझेलनं भरली होती. वास सगळ्यांच्या नाकात शिरला.

बन्सीधर म्हणाला, "मला यातलं काही ठाऊक नव्हतं. देवाशपथ."

"देवाला मधे आणू नका, तो कामात असंल. आबासाहेब, ट्रॅक्टरचं डिझेल कधी न्यायला सांगितलं यांनी?"

"टँकर आल्यावर," आबासाहेब म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांच्या मिशा खाली आल्या.

"टँकर ओतल्यावर गाळ ढवळतो, तेव्हा कुणी डिझेल घेत न्हाई. हे दर ड्रायव्हरला ठाऊक. हा मॅनेजर आपल्या माणसांना उलटं सांगतो. का? कारण टाकी सरत आली की त्यात पाणी असतं हे याला माहीत होतं. ओळखीच्यांना वाचवलं, वाटसरूंना पाणी विकलं. पाणी दाखवणारा लेप संपला म्हणतो. मागवेल कशाला? टाकी यानंच पुरून घेतली. गळती कळली तर पंप बंद आन् जागा जाणार. आन् गावात आठ वर्षांपासून एक जुनी जखम हाय, हे याला ठाऊक. हिरीत डिझेल दिसलं की लोक टाकीकडं बघणार न्हाईत, एकमेकांकडं बघतील. फक्त एक नाव पुढं करायचं होतं."

बन्सीधर खुर्चीवर बसला. "टाकी उतरवताना साखळीनं खरवडली होती," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "डांबराचा हात पुन्हा द्यायला पाहिजे होता. मालक घाई करत होते. मला वाटलं, पाणी उतरलं की थांबेल." मग मान वर करून त्यानं बोट रोखलं. "पर मी खोटं बोललो न्हाई! डबा घेऊन जाताना मी त्याला पाहिलं. इचारा त्याला!"

फौजदार सटवाजीकडं वळले. "हे खरं हाय. जबानी माझ्यापुढं हाय, मला तिचा उलगडा पाहिजे. डबा घेऊन त्या विहिरीवर तू का गेलास?"

सटवाजी दोन पावलं मागं सरला.

"साहेब," दत्तराव हळूच म्हणाले, "वैनींना ठाऊक असणार."

"ठाऊक हाय," कुसुमबाई म्हणाल्या. "पर ते मी बोलणार न्हाई. माझ्या तोंडून ते आरोपासारखं निघंल. त्याच्या तोंडून निघालं तर खरं निघंल. सटवाजी, तुरुंग परवडला म्हणून गप बसला असाल तर बसा. बायको मात्र परभणीपर्यंत एकटी आलीय, एवढं ध्यानात धरा."

सटवाजीनं पहिल्यांदा पार्वतीबाईकडं पाहिलं. मग आबासाहेबांकडं.

"गेल्या साली महालक्ष्म्यांचं पुरण शिजलं न्हाई," तो म्हणाला. "डाळ खड्यासारखी ऱ्हायली. ही देवीपुढं बसून रडली. म्हणून औंदा... डबा राखेनं घासून घेतला आन् वस्तीच्या हिरीचं पाणी आणलं. हिला सांगितलं सेलूच्या नळाचं हाय, ट्रकवाल्यानं आणलंय. मग चटकच लागली. वास यायला लागला तवा बंद केलं. जाताना डबा रिकामा होता, येताना भरलेला. ज्या पाण्यावर घरची चूल चालती त्यात मी डिझेल कसं टाकीन?"

वरल्या गल्लीच्या लोकांत कुजबुज उठली. आबासाहेबांचा चेहरा लाल झाला.

"सटव्या! देवीचा निवद त्या पाण्यात? आमाला न सांगता? तुला पंगतीला बसवायचं का न्हाई हे आता गावच..."

"आबासाहेब!" पार्वतीबाईचा आवाज एवढा चढेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. "पुरण तुमी दोनदा मागून घेतलंत. देवीनं निवद घेतला, तिला काही झालं न्हाई. तुमचं पोट दुखलं का? माझ्या नवऱ्याला पंगतीतून उठवायचं तर त्या दिवशी जेवलेली समदी पंगत उठवा. आधी तुमी उठा!"

आधी वस्तीतलं कुणीतरी हसलं. मग वरल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्यालाही हसू आवरेना, कारण तोही त्या पंगतीत होता. आबासाहेबांनी मिशीकडं नेलेला हात वाटेतच थांबवला.

फौजदारांनी सटवाजीला सोडून दिलं. बन्सीधरला जीपमधे बसायला सांगितलं, आणि पंपाच्या नळ्यांना कुलूप लावून चावी खिशात टाकली. टाकी रिकामी होऊन उकरली जाईपर्यंत टँकर यायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

"आन् आमची हीर?" नागनाथ मास्तरांनी विचारलं. आवाज हळूच होता, पण त्यात राग उरला नव्हता. नुसता थकवा होता. "उपसली तरी जमिनीतलं डिझेल झिरपत ऱ्हाणार. आमी कुठलं पाणी प्यायचं?"

कुसुमबाईंनी वरच्या शेताकडं पाहिलं. हळूहळू सगळ्यांनीच तिकडं पाहिलं. शेवटी आबासाहेबांनाही बघावं लागलं.

"मचूळ हाय माझं पाणी," आबासाहेब धोतराचा सोगा सावरत म्हणाले.

"चालंल आमाला," मास्तर म्हणाले.

आबासाहेबांनी कुणाकडं न बघता हात झाडला, म्हणजे न्या म्हणायचं होतं, आणि ते पाठ फिरवून शेताच्या बांधानं चालू लागले. मागं वळले नाहीत.

परभणीची गाडी यायला अवकाश होता. कुसुमबाई आणि दत्तराव फाट्यावरच्या दगडावर बसले. तिथून आबासाहेबांची विहीर दिसत होती. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन चढ चढून येत होत्या, आधी दोन, मग दहा-बारा. पहिली बाई विहिरीपाशी जाऊन थबकली. आजवर या कठड्याला तिचा हात लागला नव्हता. तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग पोहरा सोडला.

वरल्या गल्लीतून पार्वतीबाई आपली घागर घेऊन आली. ती नेहमी यायची त्याच वेळी. रांग बघून ती थांबली. गल्लीतल्या चारचौघी दारांत उभ्या राहून बघत होत्या की ही आता पुढं घुसते का परत जाते.

"वैनी," दत्तराव म्हणाले, "बघा, बघा."

"बघतेय. बोट दाखवू नका."

पार्वतीबाईनं घागर कमरेवर सावरली आणि ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढच्या बाईनं मागं वळून पाहिलं, जरा सरकून तिला जागा दिली, आणि रांग पुढं चालू लागली.